एका एकराची साक्ष

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हें नांव महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांना नवें नाहीं. वीणा गवाणकर यांचें ‘एक होता कार्व्हर’ हें चरित्र १९८१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि भुईमुगापासून नानाविध वस्तु निर्माण करणारा हा कृष्णवर्णी शास्त्रज्ञ मराठी मुलांच्या परिचयाचा झाला. परंतु ज्या सालीं कार्व्हर अलाबामा प्रांतांत आला, त्याच सालीं, त्याच्या शाळेपासून सुमारें वीस मैलांवर, दुसऱ्या एका प्राध्यापकानें एका एकराचे तेरा तुकडे पाडून एक प्रयोग मांडला. प्रयोग मांडणारा केव्हांच निवर्तला. प्रयोग मात्र सव्वाशें वर्षें उलटलीं तरी चालूच आहे. भुईमुगाची कथा चमत्कारिक, म्हणून ती लोकांच्या ध्यानांत राहिली. त्या एका एकराची कथा संथ, म्हणून ती मागें पडली. मातींतील सत्त्व कशानें जातें व कशानें परत येतें हें ज्यास जाणून घ्यावयाचें असेल, त्यानें ह्या दोन्ही कथा एकत्र ऐकाव्या हें बरें.

अलाबामा हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आग्नेयेकडील एक संस्थान. १८६५ सालीं यादवी युद्ध संपलें आणि गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. मुक्त झालेल्या माणसांजवळ हात होते, कसब होतें, जमीन नव्हती. जमीनदारांजवळ जमीन होती; मजुरी देण्यास रोकड नव्हती. ह्या अडचणींतून वाटेकरी पद्धति जन्मास आली. कुळानें जमीन कसावी, पिकाचा ठरलेला वांटा मालकास द्यावा, आणि बीं, खत व पोटास लागणारें धान्य दुकानदाराकडून उधारीनें आणावें, अशी तिची घडण होती. उधारीला तारण काय, तर शेतांतलें उभें पीक. आणि तेंहि कापसाचेंच, कारण हमखास रोकड देणारें पीक तेवढें एकच. करार बहुधा एका वर्षापुरता. पुढच्या वर्षीं तीच जमीन त्याच कुळाकडे राहील, याची शाश्वति कोणासच नसे. कृष्णवर्णी कुळांप्रमाणें पुष्कळशीं गरीब गोरीं कुळेंहि ह्याच दावणीस बांधलेलीं होतीं.

अशा व्यवस्थेंत जमिनीचें जें व्हावयाचें तेंच झालें. त्याच रानांत वर्षामागून वर्ष कापूस. बोंडें वेंचून झालीं कीं वाळलेल्या पऱ्हाट्या तेवढ्या उभ्या, आणि त्यांच्या ओळींमधील जमीन वसंतापर्यंत उघडी. महाराष्ट्राप्रमाणें तेथील पाऊस चार महिन्यांत आटोपत नाहीं. तो बारमास पडतो आणि हिंवाळ्यांतहि जोराचा असतो. उघड्या ढेकळांवर तो कोसळे, वरचा मऊ थर ओहोळांतून नदीस मिळे, उतारांवर घळी पडत. वसंत आला कीं उरलेल्या मातींत पुन्हां नांगर चाले.

डोळ्यांना दिसणारी झीज ही. दुसरी झीज डोळ्यांना दिसत नाहीं, आणि तीच अधिक खोल जाणारी आहे. वनस्पतीचीं पानें हवेंतील कर्बवायु घेतात व सूर्यप्रकाशाच्या बळावर त्याचें देहद्रव्य बनवितात. पाला गळतो, मुळें मरतात, त्यांवर मातींतील असंख्य सूक्ष्म जंतु उपजीविका करतात. त्या भोजनांतून जें उरतें, आणि खुद्द त्या जंतूंच्या मृत देहांतून जें सांचतें, तें मातीचें सेंद्रिय द्रव्य होय. त्याच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग कर्बाचा असतो. म्हणून शेतकीखात्याच्या भाषेंत त्यास सेंद्रिय कर्ब या नांवानें मोजतात. तें पाणी धरून ठेवतें, अन्नद्रव्यें जपतें, आणि मातीच्या कणांना एकमेकांशीं बांधून तिला रवाळ करतें. ह्या रव्यांच्या आंत सेंद्रिय द्रव्याचे कांहीं कण कुलुपबंद पेटींत ठेवल्यासारखे जंतूंपासून सुरक्षित राहतात.

नांगर ही पेटी फोडतो. माती उलथली कीं रवे फुटतात, हवा आंत शिरते, जंतूंना नवें अन्न व भरपूर प्राणवायु मिळतो, आणि वर्षानुवर्षें सांचलेला कर्ब पुन्हां वायुरूपानें आकाशांत जातो. ह्या भोजनप्रसंगीं नत्र मोकळें होतें. म्हणून नव्यानें मोडलेलें रान पहिलीं कांहीं वर्षें भरघोस पिकतें. धनी समजतो, नांगरानें जमीन सुधारली. वास्तविक तो व्याज नव्हे, मुद्दल खात असतो. जंगल किंवा गवताळ रान मोडून शेत केलें म्हणजे कांहीं दशकांत मूळच्या कर्बापैकीं चौथा हिस्सा ते निम्मा भाग नाहींसा होतो, असें अनेक देशांतील मोजणींतून दिसून आलें आहे. अलाबामासारख्या उष्ण व दमट हवेंत, रेताड जमिनींत, हा व्यय विशेष वेगानें होतो.

अशा झिजलेल्या प्रांतांत १८९६ सालीं ऑबर्न येथील कॉलेजांत जे. एफ. डग्गर या प्राध्यापकानें आपला प्रयोग सुरू केला. शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात, हा शोध हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं सविस्तर प्रसिद्ध केला तो १८८८ सालीं. म्हणजे तो त्या वेळीं पुरता आठ वर्षांचा होता. डग्गरनें त्याचा व्यवहारांत उपयोग करण्याचें ठरविलें. त्याच्या तेरा तुकड्यांपैकीं कांहींत दरसाल कापूसच घ्यावयाचा आणि हिंवाळ्यांत जमीन तशीच उघडी ठेवावयाची, म्हणजे जें सर्व प्रांत करीत होता तेंच करावयाचें. कांहींत दरसाल कापूसच, परंतु हिंवाळ्यांत क्लोव्हर किंवा व्हेच ही शेंगवर्गीय हिरवळ वाढवावयाची. कांहींत एक वर्ष कापूस व एक वर्ष मका. आणि कांहींत तीन वर्षांची फेरपालट. उघड्या मातीस हिंवाळ्यांत आसरा देणाऱ्या अशा पिकास आच्छादनपीक म्हणतात. तें विकावयाचें नसतें, मातीसच द्यावयाचें असतें. अलाबामाचीं शेतें हिंवाळ्यांत हिरवीं दिसूं लागतील तेव्हांच तेथील शेतीस बरे दिवस येतील, असें डग्गरचें ठाम मत होतें.

त्याच १८९६ सालच्या शरद ऋतूंत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून कार्व्हर टस्कीगी येथील शाळेंत आला. जन्मानें गुलाम, अंगीं आयोवा येथील शेतकी कॉलेजची उच्च पदवी, आणि पुढें पसरलेली दहा एकर निकस जमीन. दोन्ही संस्थांच्या साधनांत मात्र मोठें अंतर होतें. १८८७ च्या हॅच कायद्यान्वयें प्रत्येक संस्थानांतील प्रयोगकेंद्रास मध्यवर्ती सरकारकडून वर्षास १५,००० डॉलर मिळत. अलाबामांत तो पैसा ऑबर्नच्या वांट्यास आला. टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांसाठींच्या केंद्रास १८९७ सालीं संस्थानच्या विधिमंडळानें मंजूर केले ते वर्षास १,५०० डॉलर. प्रश्न एकच, माती एकाच प्रांताची; परंतु एका केंद्रास रुपया तर दुसऱ्यास दीड आणा, असा तो न्याय होता.

पण दारिद्र्यानें कार्व्हरची दृष्टि एका अर्थीं अधिक व्यवहारी केली. ज्या कुळास मीठ उधार आणावें लागतें त्यास विकतचें खत सांगण्यांत अर्थ नाहीं, हें त्यानें ओळखलें. रानांतला पालापाचोळा आणि दलदलींतला काळा गाळ कुजवून शेतास घालावा, आणि कापसाच्या जोडीला चवळी पेरावी, हा त्याचा उपदेश. जिला तेथें काउपी म्हणतात ती ही आपल्या घरांतलीच चवळी. ती मूळची आफ्रिकेची. गुलामांच्या जहाजांबरोबर ती अमेरिकेस गेली. ज्यांच्या पूर्वजांना त्या भूमीवर बळानें आणलें, त्यांच्याबरोबर आलेलें बींच त्या भूमीच्या उपयोगीं पडलें. चवळीवर कार्व्हरनें १९०३ सालीं पत्रिका काढली आणि झिजलेल्या जमिनी कशा सुधाराव्या या विषयावर १९०५ सालीं. जो वाचूं शकत नाहीं त्याच्यासाठीं १९०६ सालीं एक गाडीच सजविण्यांत आली. मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या धनिकाच्या देणगींतून ती झाली, म्हणून तिचें नांव जेसप गाडी. अवजारें व बियाणें घेऊन ती खेडोपाडीं फिरे आणि शेताच्या बांधावर शाळा भरे.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. हाच कार्व्हर खोल नांगरटीचा पुरस्कर्ता होता. शेजारचीं कुळें एका जनावराच्या हलक्या नांगरानें जमीन वरवर ओरखडीत. त्यानें दोन जनावरांचा नांगर धरला. ऑबर्नच्या हिरवळीच्या तुकड्यांतहि वसंतांत हिरवळ नांगरानेंच गाडली जाई. त्यांत त्यांचा दोष नाहीं. घट्ट झालेली जमीन फोडावी, पावसाचें पाणी आंत मुरवावें, तण मारावें, यासाठीं त्या काळीं नांगराखेरीज साधन नव्हतें. मातीस काय द्यावें, हें दोघांनीं बरोबर ओळखलें होतें. तें दिलेलें मातींत टिकावें कसें, हा प्रश्न पुढल्या पिढ्यांसाठीं शिल्लक राहिला.

आतां त्या एकराची साक्ष काय तें पाहावें. ज्या तुकड्यांत हिरवळ नाहीं आणि नत्रखतहि नाहीं, ते कापूस देत राहिले, पण अगदीं दरिद्री. आणि शंभरीच्या सुमारास त्यांच्या मातीचें पृथक्करण केलें तेव्हां सेंद्रिय द्रव्य शेंकडा एकाच्याहि आंत आढळलें. शेजारच्याच ज्या तुकड्यांत दरसाल कापूसच होता, पण हिंवाळा हिरवा होता, तेथें तें सुमारें दुप्पट होतें. फेरपालट व हिरवळ दोन्ही असलेल्या तुकड्यांत तें आणखी वर. ज्यांना नत्र मिळालें तें केवळ हिंवाळी शेंगवर्गीय पिकांतून, त्यांचा कापूस विकतचें नत्र घातलेल्या तुकड्यांच्या तोडीचा आला. आणि हें सर्व कशांत, तर जेथें दरवर्षीं नांगर चालतच होता त्या जमिनींत. म्हणजे नांगर मुद्दल खात असतांहि, हिंवाळ्यांतल्या मुळांनीं आणि पाल्यानें त्याहून अधिक भरणा केला. जमिनीचें खातें भरतें तें प्रथम जमेच्या बाजूनें, ही ह्या प्रयोगाची पहिली शिकवण.

इतकी स्वच्छ साक्ष हातीं असतां प्रांतानें ती ऐकली कां नाहीं? ह्या प्रश्नाचें उत्तर रसायनशास्त्रांत नाहीं, तें कुळाच्या करारांत आहे. हिरवळीचें बीं आज विकत घ्यावें लागतें. तिचें फळ पुढल्या वर्षीं थोडें, आणि पुरतें दहा-वीस वर्षांनीं दिसतें. ज्यास पुढला पेरा याच रानांत करावयाचा कीं दुसऱ्या, हेंच ठाऊक नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या जमिनींत वीस वर्षांची ठेव कां ठेवावी? आणि ज्या दुकानदाराचें तारण कापूस आहे, त्यानें न विकल्या जाणाऱ्या गवतासाठीं उधार कां द्यावें? मराठी शेतकरी ज्यास बेवड म्हणतो, म्हणजे आधींच्या पिकानें पुढच्या पिकासाठीं मागें ठेवलेला गुण, त्याचा लाभ घ्यावयाचा तर आधींचें पीक व पुढचें पीक एकाच हाताचें असावें लागतें. हिरवा हिंवाळा कुळांच्या अज्ञानामुळें अडला असें म्हणणें सोपें आहे. परंतु तो मुख्यतः अडला तो अनिश्चिततेमुळें. कार्व्हर चवळी सांगे त्याचें कारणहि हेंच: ती मातीस देते, आणि त्याच हंगामांत ताटांतहि पडते.

पुढें १९३०-४० च्या सुमारास काळ थोडा अनुकूल झाला. जमीन वाहून जाण्याचा धोका ह्यू हॅमंड बेनेट यांनीं १९२८ सालापासून राष्ट्रापुढें मांडला होता. १९३५ च्या एप्रिलमध्यें पश्चिमेकडील मैदानांत नांगरलेल्या जमिनीच्या धुळीनें भर दिवसा काळोख केला, आणि त्याच महिन्यांत भूसंरक्षणाचा कायदा झाला. दक्षिणेंतहि क्लोव्हर व व्हेच यांचा पेरा वाढला. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर दारूगोळ्यासाठीं उभारलेले नत्राचे कारखाने खताकडे वळले. अलाबामांतच, मसल शोल्स येथें, पहिल्या महायुद्धांत असा एक प्रचंड कारखाना उभा राहिला होता, आणि पुढें तेंच स्थळ खतांच्या संशोधनाचें केंद्र झालें. पोत्यांत मिळणारें नत्र स्वस्त झाल्यावर हिंवाळ्यांत हिरवळ वाढविण्याची यातायात कोण करणार? नत्र पोत्यांतून आलें. पण हिरवळीबरोबर येणारा कर्ब, जमिनीवरचें छत्र आणि मुळांची वीण हीं पोत्यांतून येत नाहींत. पिकास अन्न मिळालें आणि मातीचा उपास सुरूच राहिला.

नांगराविषयींचा प्रश्नहि ह्याच सुमारास उघडपणें विचारला गेला. १९४३ सालीं कार्व्हरचें निधन झालें. त्याच वर्षीं एडवर्ड फॉकनर या ओहायोच्या शेतकीतज्ज्ञानें नांगराच्या वेडावर एक पुस्तक लिहून खळबळ उडविली. फाळानें जमीन उलथण्यास कोणीं शास्त्रीय कारण दिलेलेंच नाहीं, असा त्याचा आक्षेप होता. पुष्कळांनीं त्यास हंसण्यावारी नेलें, कारण न नांगरतां तण मारावयाचें कसें, याचें उत्तर त्याजपाशीं पुरेसें नव्हतें. तें पुढें तणनाशक औषधांनीं दिलें. १९६२ सालीं केंटकी संस्थानांत हॅरी यंग या शेतकऱ्यानें एक एकराहूनहि लहान तुकड्यांत न नांगरतां मका पेरला; तेव्हांपासून बिननांगरी शेतीचा तेथें प्रसार झाला. ऑबर्नच्या जुन्या एकरांतून नांगर निघाला तो १९९७ सालीं. तेव्हांपासून तेथें जमीन न उलथतां, पेरणीच्या ओळीपुरती खालून सैल करून, हिरवळीच्या आच्छादनांतच बीं टाकतात. त्यानंतर उत्पन्नें वाढलीं. परंतु त्याच सुमारास कापसाचीं नवीं वाणेंहि आलीं, तेव्हां सर्व श्रेय एकट्या नांगरबंदीस देणें न्यायाचें होणार नाहीं.

नांगर सोडला कीं मातींत कर्ब भराभर सांचतो, अशी एक समजूत मध्यंतरीं फार पसरली होती. २००७ सालीं जॉन बेकर व त्यांचे सहकारी यांनीं तिच्यांतील उणीव दाखविली. बहुतेक मोजण्या वरच्या फूटभर मातीच्या, किंवा त्याहूनहि उथळ थराच्या होत्या. बिननांगरी शेतांत पाला वरच राहतो, म्हणून वरचा थर समृद्ध दिसतो. नांगरलेल्या शेतांत तोच पाला खालीं गाडला जातो, म्हणून खालच्या थरांत कधीं कधीं उलट जास्त कर्ब सांपडतो. सर्व खोलीचा हिशोब केला तर पुष्कळ ठिकाणीं फरक थोडाच उरतो. म्हणून नांगर सोडणें व्यर्थ ठरत नाहीं. वरची माती वाहून जाण्याचें थांबतें, पाणी मुरतें, गांडुळें सुखानें राहतात. पण एका कप्प्यांतला पैसा दुसऱ्या कप्प्यांत ठेवल्यानें माणूस श्रीमंत होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

हिरवळीची गोष्ट वेगळी, कारण ती नवी भर घालते. जो ऋतु रिकामा जात होता त्यांतील सूर्यप्रकाश ती मातीच्या कामीं लावते. पोप्लाउ व डॉन या जर्मन संशोधकांनीं २०१५ सालीं जगांतील ३७ ठिकाणच्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. आच्छादनपिकांमुळें दर हेक्टरीं वर्षास सरासरी ०.३२ टन कर्ब वाढल्याचें त्यांत आढळलें. ही वाढहि अनंत काळ चालत नाहीं. कांहीं दशकांनीं जमीन नव्या समतोलास पोंचते, आणि हिरवळ थांबविली तर मिळविलेलें पुन्हां हळूहळू जातें. हें एकदां बांधून संपणारें देवालय नव्हे. ही नित्याची पूजा आहे.

शिवाय हीं दोन साधनें एकमेकांवांचून लंगडीं पडतात, हेंहि दक्षिणेकडील शेतकऱ्यांनीं अनुभवानें जाणलें. केवळ औषधाच्या भरंवशावर नांगर सोडलेल्या कापसाच्या शेतांत २००० नंतरच्या दशकांत राजगिऱ्याच्या कुळांतलें एक तण असें माजलें कीं औषधास तें दाद देईना. कित्येकांनीं पुन्हां नांगर बाहेर काढला. इतर कित्येकांनीं मात्र हिंवाळ्यांत राय हें धान्यवर्गीय पीक दाट वाढवून तें जमिनीवर आडवें केलें. त्या जाड थराखालीं तणाचें बरेंचसें बीं गुदमरलें.

ऑबर्नच्या त्या एकरास १९८८ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत स्थान मिळालें. तेथें लढाई झाली नाहीं, राजवाडा उभा राहिला नाहीं. केवळ दरसाल तेंच काम नियमानें होत गेलें आणि त्याची नोंद ठेवली गेली. डग्गर गेला, त्याच्यामागून आलेले गेले. परंतु कोणीं तो प्रयोग मोडला नाहीं. त्या तेरा तुकड्यांना जें लाभलें तें त्यांच्या भोंवतालच्या हजारों एकरांना लाभलें नाहीं, आणि तें म्हणजे पुढच्या वर्षाची खात्री. क्लोव्हरचें बीं, चवळीची शेंग, नांगराचा संयम हीं साधनें खरींच. पण त्या सर्वांना फळ येण्यास काळ लागतो, आणि तो काळ कसणाऱ्याच्या हातीं असावा लागतो. मातींत सत्त्व सांचवावयाचें असेल तर प्रथम तिच्यावर राबणाऱ्या माणसाचें पाऊल त्या मातींत स्थिर केलें पाहिजे, हीच त्या एका एकराची साक्ष आहे.